सूप त्यांचं, चाक गावाचं

हेव्याला वय नसतं, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकते. गुडघे गेले, दाढा गेल्या, गोंदियाच्या कार्यालयातली खुर्ची सोडूनही बरीच वर्षं झाली; पण लताच्या हातातल्या त्या सुपाचा हेवा अजून जसाच्या तसा आहे. होतं काय त्या सुपात? पसाभर धान, एक हळकुंड, झेंडूची चार फुलं. सूपही बुरडाकडचं साधंच, कडेला हळदीची बोटं ओढलेलं. पण आमच्या गावच्या तलावाचं तुडूम उघडायच्या सकाळी ते सूप हातात घेऊन एकाच घरातली पोर पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालायची, आणि ते घर आमचं नव्हतं.

तुडूम म्हणजे तलावाच्या पोटातून पाटात पाणी सोडायची मोरी. दसऱ्याच्या सुमाराला उशिरा पिकणारं जड धान निसवायला येतं, म्हणजे लोंब बाहेर पडायला लागतं, त्याला शेवटचं पाणी लागतं, आणि दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तुडूम उघडायचा आमच्याकडे रिवाज होता. अख्खं गाव पाळीवर जमायचं. लताच्या घरातली लग्न न झालेली पोर, अंगावर नवा परकर-पोलका, हातभर हिरव्या बांगड्या, चिंचेच्या झाडापासून तुडुमापर्यंत एकटीच चालत जायची. मागे बायकांचं गाणं. मग सरपंच लोखंडी चाकावर नारळ फोडायचे, पोर सुपातलं धान पाण्यात सोडायची, चाक फिरायचं, आणि खाली पाटात पाण्याचा असा आवाज व्हायचा की लहान लेकरं आईला बिलगत. आधी लताची आत्या चालायची, मग मोठी बहीण, आणि त्या वर्षी लताची पाळी होती. आम्ही दोघी आठवीत एका बाकावर बसायचो. तिची गणितं मी सोडवायची, तिच्या डब्यातलं लोणचं मी खायची. चालणार मात्र ती. पाळीवरची ती शंभर पावलं मला हवी होती, बाकी कशाचा लोभ नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. बांगड्याही हव्या होत्या.

आमची बौद्ध टोली, म्हणजे वस्ती, तलावाच्या खालच्या अंगाला. वारा तिकडचा असला की सौंदडच्या स्टेशनातली गाडीची शिट्टी ऐकू यायची, नसला की नाही. बाबा कोहमाऱ्याच्या वाटेवरच्या एका राईस मिलमध्ये मिस्त्री होते. मिलच्या धडधडीनं त्यांचे कान जड झाले होते, त्यामुळे साधं ‘मीठ दे’ म्हणाले तरी तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. आमच्या घरात गुपित असं राहायचंच नाही. संध्याकाळी ते यायचे ते अंगाला कोंड्याचा वास घेऊन, भुवया पांढऱ्या झालेल्या. माय अंगणातल्या चुलीवर लाखोळीच्या डाळीचं वरण शिजवायची, त्यात आंबाडी. तलावातले झिंगे सुकवून ठेवलेले असत, ते तव्यावर भाजून मिरचीबरोबर पाट्यावर वाटायची. आता माझी सून झिंगे घरात भाजू देत नाही, फ्लॅटमध्ये वास कोंडतो म्हणते. मी गच्चीवर शेगडी नेते. खालच्या मजल्यावरचा भला माणूस ओरडतो, “मौसीजी, आज फिर?” मी म्हणते, “हाँ भैया, आज फिर.” त्याच्या देवघरातला धूप रोज माझ्या खिडकीतून आत येतो, त्याचं मी काही म्हणत नाही, तेव्हा फिटंफाट.

जेवताना बाबा एक गोष्ट हमखास सांगत. लोखंडी चाक यायच्या आधी तुडुमाची भोकं बुजवायला लाकडी खुंटे होते, एकाखाली एक. पाण्याखालचा खुंटा काढायला बुडी मारावी लागे, आणि ती बुडी आमच्या आज्यानं मारायची. तो त्याचा मान नव्हता, त्याच्या जातीवर टाकलेलं काम होतं. वर सूप, नारळ, गाणं. खाली आजा श्वास धरून खुंट्याशी झोंबतोय. बाबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. ते लांब गवतात बसून आकडे म्हणायचे, एक, दोन, तीन, चार, बाप वर येईपर्यंत. तिसाच्या आत आला तर हसत यायचा. एकदा बावन्न झाले, आणि वर आला तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. नारळाचा एक तुकडा त्याच्याकडे वरून फेकत. झेलला तर त्याचा, नाही तर माशांचा. “मंग?” मी दर वेळी विचारायची. “मंग काय? भात वाढ,” बाबा म्हणायचे. पुढे धर्मांतर झालं, आज्यानं बुडी मारणं सोडलं, आणि मग गावानं चाक बसवून घेतलं. नाइलाज झाला की गावाला शहाणपण सुचतं ते असं.

असे माझे बाबा सरपंच झाले ते दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ या न्यायानं. वरच्या आळीतल्या दोन गटांची अशी जुंपली होती की ‘तो नको’ ‘हा नको’ म्हणता म्हणता दोघांनाही चालेल असं एकच नाव उरलं. आमच्या टोलीत निळा गुलाल उधळला. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, छाती काढून फिरू लागले, आणि मी शाळेत चालायची ढबच बदलली. पंचायतीच्या खोलीत खुर्चीमागच्या भिंतीवर देवांचे तीन फोटो होते, हार घातलेले, उदबत्तीनं काळवंडलेले. बाबांनी पहिल्याच आठवड्यात ते उतरवले, ओल्या फडक्यानं पुसले, आणि ज्यांनी दिले होते त्यांच्या घरी स्वतः नेऊन पोचवले. गावात कुजबुज झाली, पण फार नाही; आता तिथे बुद्ध येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. काकांनी तर नागपूरहून बुद्धाचा मोठा फोटो आणला, सोनेरी चौकटीचा. बाबांनी त्याला हात जोडले, स्वच्छ कापडात गुंडाळला आणि आमच्या घरी आणून लावला. पंचायतीच्या भिंतीवर तीन रिकामे खिळे राहिले. एकाला ते आपली छत्री अडकवत.

“काऊन दादा?” काका अंगणात उभे राहून भांडले. “त्यायचे फोटो इतके वर्स होते. आता आपली पाळी आली तं भिंत रिकामी?”

“पाळी नोहे ते,” बाबा म्हणाले. “घरी मी बौद्ध आहो. टोलीत विहार बांध, पयली वीट मी देतो. पन तिथं दाखला घ्यायले पोवार येते, गोंड येते, मुसलमान येते. थ्या भिंतीनं कोनालेच परका म्हनू नाही.”

“त्यायले कधी सुचलं होतं का असं?”

“नाही सुचलं. म्हनून तं मले सुचलं.”

काका न जेवता गेले. मी मनानं काकांच्या बाजूची होते, आणि खरं सांगायचं तर थोडीशी अजूनही आहे. इतकी वर्षं त्यांनी पोटभर खाल्लं, आणि आमच्यापुढे ताट आलं तेव्हा बाबांनी उपास धरला, असं मला वाटायचं. न्यायानं वागणं ही चैन ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनी करावी. तेराव्या वर्षी मला हे शब्द सुचले नसते, पण जळफळाट हाच होता.

दसऱ्याच्या आधी पंचायतीच्या दारावर नोटीस लागली. तुडूम ठरल्या दिवशी सकाळी आठला उघडेल; ज्याला पूजा करायची त्यानं आपल्या घरच्या सामानानं चिंचेखाली करावी; चाकावर काही होणार नाही. दुसऱ्याच दिवशी लताचे वडील गणपतभाऊ आमच्या अंगणात आले. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या बाजेवर बसले. मी दाराआडून ऐकत होते, अर्थात बाबांचं बोलणं ऐकायला दाराआड लपायची गरज नव्हती.

“मिस्त्री, नारळ फोडल्याबिगर पानी सोडाचं? गाव बुडवता का?”

“फोडा न भाऊ, कोन नाही म्हन्ते? चिंचेखाली फोडा, मी बाजूले उभा राहीन. सूप तुमच्या घरचं हाये, पोरगी तुमची हाये, चालू द्या तिले. चाक गावाचं हाये. चाकावर नाही.”

“अन तुमची बुद्धवंदना?”

“ते बी चाकावर नाही.”

“हे शेवटचं पक्कं असन,” गणपतभाऊ म्हणाले, “तं गावाले मी समजावतो. तुमच्या जबानीवर.” मायनं पुढे केलेला चहा त्यांनी घेतला. अर्धा प्यायले, अर्धा ठेवला.

ते गेल्यावर मी बाबांपुढे उभी राहिले. “तुमी सरपंच आहा न? मंग यंदा सूप मायाकडं द्या.” बाबा एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या अंगणातल्या बायकांनी माना वर केल्या. “सूप मायं नाही तं देऊ कुठून?” मी म्हटलं, मग आपलं काहीतरी करा, मी पांढरा फ्रॉक घालून फुलं नेईन. “चाकाले कायचीच फुलं नाही, इसाखा. जा, अभ्यास कर.” हेही टोलीनं ऐकलं. विशाखा हे माझं नाव, बाबांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं, पण त्या दिवशी नळावर पोरी मला सूपवाली म्हणाल्या. मी पाणी न भरता परत आले.

तुडूम उघडायच्या आदल्या दिवशी लतानं मला कपडे दाखवायला बोलावलं. तिच्या घरी मी ओसरीपर्यंतच जायची. तेवढंच चालत होतं, आणि हे आम्हाला दोघींनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं आतून पोपटी परकर आणला, गोंदियाहून शिवून आलेला, काठाला जर. मी बोटानं जर चाचपली. बांगड्यांचा कागद तिनं उलगडला, एका हाताला बारा. मग ती हळूच म्हणाली, “तू बी येजो पाहाले. समोरच उभी राहाजो, म्हंजे मले भेव नाही लागनार.” बिचारी घाबरली होती. एवढ्या लोकांपुढून एकटीनं चालायचं होतं, आणि तिला मी हवी होते. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा त्या वाक्यातला एकच शब्द माझ्या कानात गेला, पाहाले. मी पाहायला जायचं. आज्यानं पाण्यात जायचं, मी पाहायला जायचं, आणि चालायचं हिनं.

दुपार होती. बाबा मिलमध्ये, माय कुणाच्या तरी बांधीत, धानाच्या वाफ्यात, निंदायला. मी भिंतीवरचा बुद्धाचा फोटो काढला, मायच्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळला, आणि तलावाच्या मागच्या बाजूनं पाळीवर चढले. पाळीवर चिटपाखरू नव्हतं. म्हशी पाण्यात बसल्या होत्या, त्यांचे राखणदार लांब पळसाखाली आडवे झाले होते. चाकाच्या आऱ्यांमध्ये फोटो उभा केला आणि सुतळीनं बांधला, एकावर एक सात-आठ गाठी मारल्या. पुढे कण्हेरीची फुलं आणि दोन मेणबत्त्या ठेवल्या. पेटवायला मात्र काडेपेटी विसरले. मला वाटलं होतं, सकाळी गाव येईल, आमचा बुद्ध आधीच तिथे बसलेला पाहील, आणि लताच्या सुपाकडे कुणाचं लक्षच जाणार नाही. आणि बाबा तोंडानं काही म्हणोत, मनातून सुखावतील. भक्तीनं केलं असं मी म्हणणार नाही. तथागताच्या पायाशी माझा हेवाच मी बांधून आले होते.

सकाळी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मला अजून ते नीट आठवावंसं वाटत नाही. वरची आळी आली, आमची टोली आली, आणि चाकापाशी सगळे थांबले. काकांच्या बरोबरची पोरं घोषणा देत पुढे सरकली: लावला तो लावला, आता कुणी हात लावून दाखवा. पलीकडून काठ्या दिसू लागल्या. बाबांनी फोटो ओळखला, आमच्याच घरचा तो; रात्री चिमणीच्या उजेडात भिंतीवरची रिकामी जागा कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनीच आणलेला, काकाच घरात कधीही येत-जात, दुसरं कुणाचं नाव त्यांच्या मनात यायचं कारणच नव्हतं. गणपतभाऊ मात्र बाबांकडे पाहत होते. “मिस्त्री, तुमची जबान गेली,” एवढंच ते म्हणाले आणि लताच्या खांद्याला धरून तिला परत घेऊन गेले. पोपटी परकराचा काठ धुळीतून ओढत गेला. आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. ती चालली नाही.

चौकीचे जमादार आले. चौकशी होईपर्यंत कोणीही हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं आणि एक शिपाई बसवून ठेवला. बाबा काकांना म्हणाले, “तू ठेवला असशीन तं तूच काढ.” काका म्हणाले, “मी ठेवला असं समज. पन काढनार नाही.” ते असं का म्हणाले असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपण हे करायला हवं होतं आणि दुसऱ्या कुणीतरी केलं, याचा त्यांनाही हेवा वाटला असेल. आमच्या घराण्यातच आहे ते.

दोन दिवस तुडूम बंद राहिलं. तलाव काठोकाठ भरलेला, आणि खालच्या बांध्यांमध्ये भेगा पडायला लागल्या. आमच्या दीड एकरात लोंब अर्धं बाहेर येऊन थांबलं होतं. माय बांधावर उभी राहून कुणाशीच न बोलता बघत राहायची. वरच्या आळीत कुणी म्हणे सरपंचाला खाली ओढा, टोलीत कुणी म्हणे फोटो हलला तर मुडदे पडतील. बाबा मिलमध्ये गेले नाहीत. पंचायतीत त्या तीन खिळ्यांखाली बसून राहिले, आणि त्यांच्याकडे दोन्हीकडचं कुणी येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार काकांना घेऊन गेले. काका ताठ चालत होते, मागून काकी पदर तोंडाशी धरून धावत होती, आणि त्यांचं लहान पोर उंबऱ्यावर बसून रडत होतं.

बाबा दुपारी जेवायला आले. पुढ्यात भात आणि झिंग्यांची चटणी. मी म्हटलं, “काकानं नाही ठेवला. मी ठेवला.”

बाबांचा हात ताटातच थांबला. “काऊन?” ते म्हणाले, आणि ते इतकं हळू होतं की मी दचकले. माझ्या बाबांना हळू बोलता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी मनात मोठमोठं घोकून ठेवलं होतं. आपला मान, आज्याचा श्वास, इतक्या वर्षांचा अन्याय. ते सगळं खरंही होतं. पण तोंडातून निघालं ते असं: “लता चालनार होती म्हनून.”

मायनं हात उगारला. बाबांनी तो वरच्या वर धरला, ताट बाजूला सारलं, हात धुतले. “चाल,” म्हणाले. वाटेत त्यांनी कोतवालाला सांगितलं, गावाला पाळीवर बोलाव, तुडूम आत्ता उघडतो. चौकीवरही निरोप गेला.

गाव जमायला वेळ लागला नाही, सगळे त्याचीच वाट पाहत होते. काकांना घेऊन जमादार आले. वरच्या आळीचे लोक एका बाजूला, आमचे एका बाजूला, मध्ये चाक, आणि चाकापाशी बाबा आणि मी. बाबांचा आवाज परत आला होता. “फोटो माया घरचा हाये,” ते म्हणाले, “अन ठेवनारी मायी पोरगी हाये. माया भावाचा दोष नाही. मी जबान दिली होती, ते मायाच घरातून मोडली. ज्याले जे बोलाचं ते मले बोला.” बाबांनी चपला काढल्या. फोटोपुढे गुडघे टेकले, हात जोडले, डोकं जमिनीला लावलं, आणि मग माझ्या गाठी सोडायला लागले. माझ्या सात-आठ गाठी. कुणीतरी विळा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. नखांनी एकेक गाठ सोडली, सुतळी गुंडाळून खिशात ठेवली. टोलीतून कुणी ओरडलं, “आपल्याच हातानं बुद्ध उतरवला मिस्त्रीनं.” त्यांचे हात थांबले नाहीत, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. मग फोटो उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. “घरी ने. याच्या जागेवर लाव. मांगं पाहू नको.”

आणि मी चालले. तुडुमापासून चिंचेपर्यंत, पाळीवरून, एकटी, दोन्ही हातांत छातीशी धरलेली चौकट, आणि दोन्ही बाजूंना अख्खं गाव माझ्याकडे बघतंय. शंभर पावलं. गाणं नव्हतं. चिंचेखाली लता उभी होती. घाईघाईनं नेसवलेला पोपटी परकर, हातात सूप, त्यातली फुलं दोन दिवसांची, वाळलेली. पाळ तिथे अरुंद आहे. लता बाजूच्या गवतात उतरली आणि मला वाट दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी त्याही वेळी तिच्या हातातल्या बांगड्या मोजल्या. बाराच होत्या. मी पुढे गेले. मागे नारळ फुटल्याचा आवाज आला, चिंचेखालीच. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग पाणी. मी उतारावरून चालत होते, पाट माझ्या शेजारीच होता, तो आधी ओला झाला आणि मग भरून वाहायला लागला, पण मी मागे पाहिलं नाही. घरी जाऊन फोटो खिळ्याला लावला आणि त्याच्याखाली बसून राहिले.

धान वाचलं. बाबांचं काही वाचलं नाही. काका सुटून आले, पण दोन वर्षं आमच्या घरी जेवले नाहीत. पोरीच्या चुकीसाठी बुद्धाला खाली उतरवलंस, एवढंच त्यांचं म्हणणं. टोलीतल्या बायका मायशी तुटक वागायला लागल्या. वरच्या आळीला बाबांचं कौतुक वाटलं असेल, पण कौतुकावर कुणी मत देत नाही. त्यांची आपसातली भांडणं मिटली तसा अविश्वासाचा ठराव आला आणि बाबा मोकळे झाले. नव्या सरपंचानं त्याच आठवड्यात तीन खिळ्यांना तीन फोटो लावले. पुढच्या दसऱ्याला नारळ पुन्हा चाकावर फुटला. बाबा आपली छत्री घरी घेऊन आले. पुढे मी नोकरीला लागले तेव्हा दर दसऱ्याला आमच्या कार्यालयात कपाटांना झेंडूचे हार आणि कंप्यूटरला टिळा. “मैडम, आपके वाले को भी लगा दें?” सहकारी प्रेमानंच विचारायचे. मी पेढा खायची आणि टिळा नको म्हणायची. माझं टेबल रिकामं राहायचं आणि बाकीची टेबलं लग्नातल्यासारखी सजलेली. हेवा तेव्हाही वाटायचा, त्यांचा. किती सोपं होतं त्यांना सगळं. पण टेबल सरकारचं होतं, आणि आपल्याकडून एकदा गाठ मारून झालेली होती.

लता तिरोड्याला असते. तिचा मुलगा तिथल्या वीज कारखान्यात आहे. नवरा गेल्यापासून ती मला रात्री जेवण झाल्यावर फोन करते आणि आम्ही गुडघ्यांविषयी बोलतो. त्या दिवसाबद्दल आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मागच्या महिन्यात तिच्या नातीच्या शाळेत कसल्याशा पूजेवरून वाद झाला, त्यावरून विषय निघाला, आणि ती एकदम म्हणाली, “इसाखा, एक विचारू? थ्या दिवशी तुया बाबानं चाकापाशी कोनता मंत्र म्हटला होता?”

मी म्हटलं, कसला मंत्र?

“तू गेल्यावर. मी चाकापर्यंत चालत आली, धान सोडलं. मंग मिस्त्रीनं चाकाले हात लावला अन तसेच उभे राह्यले, खाली पान्याकडं पाहून. ओठ हालून राह्यले होते. लय वेळ. आमच्या बाबाले लय राग आला होता, म्हने बोलते एक अन करते एक, चाकावर आपली वंदना म्हनूनच घेतली. मी जवळ होती, मले आयकू नाही आलं. मंग त्यायनं चाक फिरवलं.”

फोन माझ्या कानाशीच होता. वर पंखा फिरत होता. मला ती जागा दिसत होती, लोखंडी चाक, खालचं हिरवं पाणी, आणि त्याच्याकडे बघत कोरड्या पायांनी पाळीवर उभे असलेले माझे बाबा. अख्ख्या गावानं ते पाहिलं होतं, आणि कुणालाच कळलं नव्हतं. आमच्या घरातल्या भातावर, वरणावर ती गोष्ट शंभर वेळा ऐकलेली मी तेवढी तिथे नव्हते.

“मंत्र नोहे, लता,” मी म्हटलं. “ते आकडे मोजून राह्यले असतीन.”

“कायचे आकडे?”

मी तिला आज्याचं सांगितलं. खुंटे, बुडी, गवतात बसलेलं पोर. ती ऐकत राहिली. तिला एवढ्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, माझ्यासकट. नंतर म्हणाली, आमच्या बाबांना सांगायला हवं होतं गं, ते मरेपर्यंत मनात धरून होते. मी हूं म्हटलं, पण माझं लक्ष तिच्या बोलण्यात नव्हतं. एवढी जवळ उभी होती ती. हात लांब केला असता तर बाबांच्या सदऱ्याला लागला असता.

“किती वेळ हालत होते ओठ?” मी विचारलं. “नीट आठव. पुन्हा सांग मले, पयल्यापासून.”